न हलणारी रेघ

भुईगावात घरी बसून पीएच.डी. पुरी करायची, हा शहाणपणा माझाच. शेजारच्या काकींना वाटतं मी बॉम्ब बनवते. दर दोन दिवसांनी वीज जाते, संगणकावरचं चालू गणित मरतं, आणि वर "अजून शिकतेच आहेस का?" हे आहेच. प्रबंध द्यायची शेवटची वाढीव मुदत त्या शुक्रवारी संपत होती. नंतर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात.

सगळा प्रबंध एका रेघेवर उभा होता. माझं काम न्यूट्रॉन फार झालेल्या, जेमतेम टिकणाऱ्या अणुकेंद्रकांवर. त्यातला एखादा न्यूट्रॉन निसटण्याआधी क्षणभर अडकून राहतो, त्याला अनुनादी अवस्था म्हणतात. ती खरी की खोटी हे ओळखायची आमची रीत अशी: संगणकात केंद्रकाभोवती एक काल्पनिक खोका धरायचा आणि तो मोठा करत न्यायचा. मोकळ्या न्यूट्रॉनच्या ऊर्जा खाली घसरत जातात, अडकलेल्याची जवळजवळ जागच्या जागी राहते. आलेखावर प्रत्येक ऊर्जेची एक रेघ येते; माझी रेघ जागची हलली नव्हती.

मंगळवारी दुपारी आई वालाच्या शेंगा सोलत संगणकासमोर माझ्या शेजारी येऊन बसली.

"ही एकच रेघ काय गं? बाकीच्या कुठे?"

"त्या घसरतात. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून मी काढत नाही."

"मग घसरताना दाखव ना."

"आई, मला वेळ नाहीये."

"तूच म्हनतेस घसरतात. बघू तरी."

आई एकदा मागे लागली की सुटका नाही. तिचं तोंड बंद करायला मी सगळ्या रेघा काढल्या. सगळ्या आडव्या सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या. घसरलेली एकही नाही.

प्रोग्राम उघडून पाहिला. दुसऱ्या वर्षी वेळ वाचवायला मी प्रोग्रामला पहिल्या खेपेचे आकडे जपून ठेवायला सांगितलं होतं. तो गाढव दर खेपेला तेच आकडे वाचत होता. खोका कधी वाढलाच नव्हता. आणि मी फक्त हवी ती रेघ काढून, ती हलत नाही म्हणून खूश. इतका मूर्खपणा करायलाही पाच वर्षं शिकावं लागतं.

जुने आकडे पुसून गणित पुन्हा लावलं. बुधवारी सकाळी उत्तर आलं. माझी रेघ बाकीच्यांबरोबर निमूट खाली घसरली होती.

तासभर फोनकडे बघत बसले, मग मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं.

"ती अवस्था खरंच नाही का, हे दुसऱ्या पद्धतीनं तपासायला निदान वर्ष जाईल," ते म्हणाले.

"हो सर."

"म्हणजे शुक्रवार गेला. नव्यानं नोंदणी कर."

फोन ठेवला तर आई दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जुनी रेघ तशीच दिली असती तर कुनाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग कशाला सांगितलंस?"

मी तिच्यावर ओरडले, अगदी नको तेवढी ओरडले. सकाळपासून मीही स्वतःला तेच विचारत होते.