कंड्यांखालचं जॅकेट

नर्मदेत दोन दिवस बोटीने जायचं, मधे वाळूवर तंबू टाकून राहायचं, असं यांच्या कारखान्यातल्या लोकांनी ठरवलं तेव्हाच मी नको बोलले. कारखाना इंदूरला पोलोग्राउंडला, जाणारे सगळे मिळून दहा जण, त्यात बायका तीनच. मुलगी माझी तीन वर्षांची. मी बोलले, अहो, मला पोहता येत नाही, तिला येत नाही, आम्ही कशाला? तर हे बोलले, "सुपरवायझर भियांनी फॅमिलीसकट बोलावलंय, नाही कसं म्हणू? आणि जॅकेट मिळतं ना सगळ्यांना."

मिळालं, खोटं नाही बोलत. बोटी म्हणजे लांब अरुंद कॅनो, मोटर नाही काही नाही, हातात वल्हं घ्यायचं आणि मारत राहायचं. बोटवाल्याने मुलीला छोटं नारिंगी जॅकेट घातलं, बेल्ट दोनदा ओढून पाहिला आणि मला बोलला, "ये उतारना मत, बेन." मी ऐकलं. यांनी पण ऐकलं.

आता इंदूरचे लोक कुठे पण गेले तरी दाल-बाफले पाहिजेतच, आणि बाफले म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, ते गॅसवर चालत नाहीत, शेणाचे कंडेच, म्हणजे गोवऱ्याच लागतात. म्हणून बेटम्याहून कंड्यांची गोणी आणलेली. ती आमच्याच बोटीत. पुढे हे, मागे सुपरवायझर भिया, मधे मी, मुलगी आणि गोणी.

थोडं पुढे गेलो तर पाणी उडून बोटीत साचायला लागलं. भिया ओरडले, "अरे यार, कंडे भीग गए तो बाफले किसपे सेकोगे, मेरे सिर पे?" सगळे हसले. वाळूला बोट लावली. भियांनी स्वतःचं जॅकेट काढून गोणीखाली टाकलं, यांनी पण काढलं, तरी एक कोपरा पाण्यातच. मग भिया बोलले, "बेबी का भी दे दो, कोने में फिट हो जाएगा."

मी बोलले, अहो नको, बोटवाला काय बोलला होता? हे हळूच बोलले, "अगं पाणी बघ किती शांत आहे. भियांसमोर तमाशा नको." आणि यांनीच, स्वतःच्या हाताने, तिचा बेल्ट सोडला. मी माझं काढून तिला घालून पाहिलं तर ते खांद्यावरून खालीच यायचं. मग परत मीच घातलं आणि तिला गुडघ्यांत दाबून बसले.

पुढे वळण होतं, पाण्यात दगड, तो दिसलाच नाही कोणाला. बोट एकदम आडवी झाली आणि मुलगी माझ्या गुडघ्यांतून निघून गेली. फ्रॉक हातात आला तेवढाच. डोकं पाण्यात, पाय बोटीत. मी ओरडले, अहो मुलगी! हे वळले. वळले आणि दोन्ही हातांनी गोणी पकडली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गोणी पकडली.

मी तिला वर कसं ओढलं मला नाही माहीत. ती आधी खोकली, मग नाकातून पाणी आलं, रडली किती तरी वेळाने. मागून शेवटच्या बोटीतला बोटवाला आला, "बच्ची का जॅकेट किधर है?" मग भिया बोलले, "हो गया यार, नर्मदा मैया ने संभाल लिया."

मैयाने नाही, मी संभाळलं.

संध्याकाळी कंडे कोरडे निघाले. बाफले मस्त फुलले, वर तूप. एक जण यांना बोलला, "क्या गोणी पकडी तूने यार, एकदम विकेटकीपर!" हे हसले. मी मुलीला डाळ भरवत होते, यांनी माझ्याकडे पाहिलं तर यांचं हसू अर्धंच राहिलं, पण मग परत हसले.

सकाळी मी बॅग खांद्याला लावली आणि बोटवाल्याला सडक विचारली. शेतांतून अर्धा तास, बोलला. हे मागे आले. "आता घालतो ना तिला जॅकेट, चल."

"मी नाही बसणार. तिला पण नाही बसवणार."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

हे शेताच्या बांधापर्यंत आले. तेवढ्यात भियांची हाक, "आ रहे हो के नी?" आणि हे परत फिरले. मुलगी माझ्या कडेवरून पप्पा पप्पा करत राहिली. सडकेवर बस मिळाली, उभ्याने आलो इंदूरपर्यंत.

हे अजून म्हणतात, "हात आपोआप गेला गं, मुद्दाम थोडीच!" माहीत आहे मला, मुद्दाम नाही. मुद्दाम केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. आता सियागंजच्या गर्दीत सडक ओलांडताना हे तिच्यासाठी हात पुढे करतात, आणि मी तिला उचलून दुसऱ्या कडेवर घेते.