माशेझी सही करत नाही

“शनिवारी लग्न आहे आमचं! आधीच झालंय म्हणून कसं सांगता तुम्ही?”

“मग जूनमध्ये बकरा कुणाच्या वाढदिवसाला कापलात?”

“तो घरचा विधी होता, मा! चर्चमधलं लग्न शनिवारी आहे.”

“हे त्या बकऱ्याला समजावून सांग.”

बोंगुमुसा टेबलावर दोन्ही मुठी टेकून उभा होता. समोर माझी आई, माशेझी, खुर्चीत आरामात रेललेली. मधे कागद होता, लग्नाआधीचा करार: ज्याचं त्याचं राहील, एकाच्या कर्जापायी दुसऱ्याच्या मालाला हात लागणार नाही. त्याची नवरी लिंडेलवा, तिनं शाळांचे गणवेश शिवून शिवून सहा शिलाई मशिनं उभी केली होती आणि बोंगुमुसाच्या दोन्ही टॅक्स्या कर्जावर धावत होत्या. उद्या टॅक्स्या बुडाल्याच, तर मशिनं कुणी उचलून नेऊ नयेत, एवढ्याचसाठी दोघं पीटरमारित्झबर्गला कोर्टासमोरच्या आमच्या कचेरीत आली होती. वकील गोवेंडरसाहेबांचा शिक्का तयार होता. घोडं अडलं होतं साक्षीदाराच्या सहीवर, आणि साक्षीदार होती माझी आई.

या कचेरीत ती चहा करायला लागली तेव्हा मी तिच्या पोटात होते. साहेब जेवायला गेले की त्यांच्या टाइपरायटरवर बोटं बडवत शिकली. आता मी इथेच फोनवर बसते आणि रोज बघते, कोर्टाच्या पायऱ्यांवर काळे कोट बाजूला होऊन तिला वाट देतात. तिनं सही केलेला एकही कागद तीस वर्षांत न्यायाधीशापुढे फाटलेला नाही. सांगते मी फुशारकीनं, का सांगू नये? साहेब विचारतात, नाव काय, पत्ता काय. आई आधी नवरीच्या मनगटाकडे बघते. लिंडेलवाच्या मनगटावर बकऱ्याच्या कातड्याचं कडं होतं, केसांसकट, घरात घेतलेल्या सुनेला बांधतात ते.

“पोरी, तू सांग,” आई म्हणाली. “गायी ठरल्या?”

“अकरा. आठ माझ्या बाबांच्या गोठ्यात पोचल्या.”

“तुझ्या माणसांनी तुला यांच्या घरी नेऊन सोडलं?”

“हो. आत्या गात गात घेऊन गेल्या.”

“अंगावर बकऱ्याचं पित्त ओतलं? पूर्वजांना सांगितलं, ही आमची म्हणून?”

लिंडेलवा हसली. “केसांचा वास चार दिवस जात नव्हता, मा.”

“म्हणजे जूनपासून तू बायको आहेस. आपल्या रीतीनंही आणि सरकारच्या कायद्यानंही. करार न करता लग्न झालं की सगळं दोघांचं एकत्र, मशिनंसुद्धा. आता लग्नाआधीचा करार कसा करणार? आधी उरलंय कुठे? उद्या सावकाराचा वकील तुमच्या शेजारणीला कोर्टात उभं करेल. ती बाई बकऱ्याचा रंगसुद्धा सांगेल!”

“मग आता?” लिंडेलवानं विचारलं.

“दोघांनी मिळून न्यायाधीशाकडे अर्ज करायचा, आम्हाला वेगवेगळं करून द्या म्हणून. सावकारालाही कळवावं लागतं.”

“सावकाराला?” बोंगुमुसा ताडकन सरळ झाला. त्यानं टेबलावरची कात्री उचलली. “त्यापेक्षा हे कडं कापून टाकू. बकरा नव्हताच म्हणू. कोण बघायला येतंय?”

लिंडेलवानं मनगट मागे ओढलं.

“बोंगुमुसा,” लिंडेलवा हळूच म्हणाली, “तुझ्या आजोबांना नावानं हाक मारून तुझ्या बापानं मला घरात घेतलं. ते नव्हतंच म्हणू? कात्री ठेव खाली. न्यायाधीशापुढे उभा राहून सांगशील का, ही माझी बायको आहे म्हणून?”

त्यानं कात्री ठेवली. टोपी काढली, परत घातली, परत काढली.

“सांगेन. अख्ख्या टॅक्सी स्टँडला सांगत फिरतोय जूनपासून. एक या कागदालाच सांगायचं राहिलं होतं.”

“आणि सावकार?” लिंडेलवानं विचारलं.

“त्यालाही सांगतो. शिव्या घालेल, घालू दे.”

“शनिवारी चर्चमधे नाचा मात्र झकास,” आई म्हणाली. “बायकोशी परत लग्न करायला कुणाची बंदी नाही.”

तेवढ्यात गोवेंडरसाहेब चष्मा कपाळावर चढवून दारात आले. “माशेझी, अजून सही नाही?”

“करार रद्द, साहेब. अर्ज करायचाय. मसुदा मी टाइप करते, तुम्ही वाचून घ्या.”

साहेबांनी कड्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि खाली बसले. तासाभरात अर्ज तयार झाला. साहेबांनी दोनदा वाचला. एक स्वल्पविराम हलवला, मग तोही जागच्या जागी ठेवला.

“माशेझी,” ते म्हणाले, “इथे वकील नक्की कोण आहे? तुम्ही की मी?”

आईनं फाईल काखेत मारली, लिंडेलवाचा हात धरला आणि रस्ता ओलांडून कोर्टाकडे चालू लागली.