बुधीआजीचा धवल, शेवटच्या चटईपर्यंत

झरीच्या आमच्या पाड्यावर लग्न धवलेरी लावते, आणि धवलेरी म्हणजे बुधीआजी. घरात भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाचा चौक लिहिला की त्याच्यापुढे बसून ती एकेका देवाला गाण्यातून लग्नाला बोलावते. त्या गाण्याला धवल म्हणतात. तो पुरा झाल्याशिवाय नवराबायको होत नाहीत. माझंही लग्न तिनेच लावलं. तेव्हा तिचा आवाज ओहोळापलीकडे जायचा. तिकडे भात झोडणाऱ्या बायका काम थांबवून हात जोडायच्या.

आताशा तिचा गळा बसला. ती आत गायची नी बाहेर मंडपात माणसं मोबाईल बघत बसायची. हे तिला फार लागलं. नात योगिताचं लग्न ठरलं तेव्हा मला म्हणाली, "तू शेवटच्या चटईवर बस. तिथवर धवल आला तर पुढे गाईन, नाही तर हे शेवटचं. नी खोटं सांगू नको, तू देवाधर्माची बाई आहेस."

मी महालक्ष्मीला हात जोडले. दुसरं काय करणार?

तलासरीच्या उमेश साऊंडवाल्याने बिनवायरचा माईक आणला. पदराला बारीक माईक, कमरेला डबी. दाराजवळच्या टेबलावर दुसरा डबा ठेवला; तो आजीचा आवाज हवेतून पकडून भोंग्याला देणार. आजीने "ए बाय!" म्हटलं आणि अख्खा मंडप दचकला. सगळे हसले.

पण खरा धवल सुरू झाला आणि भोंग्यातून खरखर. एक शब्द आला की चार गायब. उमेशने आवाज वाढवला, तर खरखरच वाढली.

"आजी, रेडिओचं मुंबई स्टेशन लागलं का?" कुणीतरी ओरडलं.

नवऱ्या मुलाचा मामा बाबल्या म्हणाला, "अरे, मोबाईलवर धवल आहे माझ्याकडे. डीजेला जोड नी मोकळा हो."

मी उठून आत गेले. आजी गातच होती. धवल मध्ये तोडत नाहीत. डोळे मात्र माझ्याकडे लागलेले. मी मान हलवली, नाही.

मागोमाग उमेश आला. "टेबलावरचा डबा कुणी हलवला?"

योगिताची आई सुषमा पुढे झाली. "मीच. देवांना बोलवायचं यंत्र ते, उष्ट्या ग्लासांत कसं ठेवायचं? वायरीसकट देवांजवळ नेलं. हळदकुंकू वाहिलं."

देवांचा कोपरा भाताच्या कणगीमागे. तिथे डबा, आणि पोरांचा हात लागू नये म्हणून त्याच्यावर स्टीलची परात पालथी!

उमेशने कपाळाला हात लावला. "वहिनी, आजीच्या डबीतून लहरी निघतात. हातभर लांबीच्या. मोबाईल, पोलिसांचा वॉकीटॉकी, सगळी त्यांचीच भावकी. मोकळ्या हवेत सरळ पळतात. पण स्टील आडवं आलं की माघारी फिरतात, नी भरल्या कणगीत जिरून जातात."

"मग हळदकुंकू पुसू?"

"ते राहू दे. त्याने काही अडत नाही."

त्याने डबा उचलून दाराच्या मेढीच्या खांबाला उंच बांधला. मी चटईवर जाऊन बसते न बसते तोच भोंग्यातून आजी आली. थकलेला, किंचित कापरा, पण पुरता आवाज. महालक्ष्मीचं नाव आलं तसे मंडपातले हात आपोआप जुळले. बाबल्यानेही मोबाईल खिशात घातला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या जमनाने ओळ उचलली, मग मागच्या सगळ्या बायकांनी. कितीतरी वर्षांनी धवलाला बाहेरून झील मिळाली.

लग्न लागलं. आजी बाहेर आली, घामाने चिंब. मी म्हटलं, "शेवटच्या चटईपर्यंत आला."

"ठाऊक आहे. जमना चुकीची ओळ म्हणत होती, आतपर्यंत ऐकू आली."

गंजाडहून आलेली गंगी तिच्या पाया पडली. "आजी, माझ्या पोरीचं लग्न तूच लाव. कधी मोकळी आहेस?"

आजीने चहाची बशी तोंडाला लावली. "उमेशला विचार तो कधी मोकळा आहे. मी आहेच."