मावशीच्या कपाळावरची जांभळी खूण

पूर्वेकडच्या डोंगरात आमचं खेचरांचं युनिट होतं. मी कदम, चौसाळ्याचा, लान्स नायक, जनावरांच्या जखमा बांधणारा ड्रेसर. नायक दत्तू आमच्याच जिल्ह्यातला, युसूफ वडगाव या गावचा. एकाच दिवशी भरती झालो, पण बढतीची फीत त्याला आधी लागली. परमुलखात गाववाला भेटला की माणसाला बरं वाटतं म्हणतात. माझा मात्र जीव जळायचा.

कारण साधं होतं. खेचराचा पाय मोडला, इलाज संपला, की कॅप्टन साहेब दत्तूलाच बोलवायचे. बोल्ट पिस्तूल त्याच्या हातात. त्यातून गोळी सुटत नाही, लोखंडी दांडा झटक्यात कपाळात शिरून परत येतो. जनावराची शुद्ध त्याच क्षणी हरपली पाहिजे. दत्तूला दुसरा बार कधी टाकावा लागला नाही. मी शेजारी औषधांचा ट्रे धरून उभा राहायचो.

लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, उरल्यासुरल्यावर युनिटनं डुकरं पाळली होती. त्यात एक थोराड मादी होती. जवान तिला मावशी म्हणायचे. तिला खाऊ घालायचं काम दत्तूचं. त्याची हाक ऐकली की ती धडपडत उठायची, माझ्या हाकेला कानही हलवायची नाही. हसू नका, डुकराच्या मायेवरूनही माणूस जळतो.

एका सकाळी मावशी चिखलात घसरली. कंबरेखाली लुळी पडली. ओरडणं थांबेना. कॅप्टन साहेबांनी तपासलं आणि उठले.

"अब तकलीफ नहीं देनी. कदम, तुम करोगे."

युनिटचा रिवाज होता, ज्यानं चारलं त्यानं मारायचं नाही. म्हणून दत्तू बाद. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

दोघा जवानांनी तिच्या वरच्या जबड्यात दोरीचा फास टाकला. ती मागं ओढत किंचाळू लागली. मी पिस्तूल टेकवलं.

"थांब बे," दत्तू म्हणाला. "ते खेचराचं ठिकाण झालं."

"मला शिकवू नको. हुकूम मला हाय."

"तुलाच हाय की. पण हिचं कपाळ जाड, आत पोकळ. इतक्या वर लावलंस तर मरायची न्हाई, नुसती तळमळंल."

त्यानं माझ्याच ट्रेमधल्या जखमेच्या जांभळ्या औषधात बोट बुडवलं. डोळ्यांच्या रेषेच्या दोन बोटं वर, मधल्या हाडाच्या जरा बाजूला, ठिपका दिला.

"इथं. नेम शेपटीकडं. आन् ती दोरी सोडा."

"दोरीबिगर थांबंल का ती?"

"मी हाय की म्होरं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांनी मात्र मान डोलावली. दत्तू गुळाचा खडा घेऊन तिच्यासमोर चिखलात बसला.

"ए मावशे."

किंचाळणं थांबलं. तिनं त्याच्या तळहाताकडं मान खाली केली. मी जांभळ्या ठिपक्यावर पिस्तूल दाबलं आणि बार केला. ती जागीच कोसळली. बोल्टनं शुद्ध जाते, जीव जाईलच असं नाही, म्हणून मी लगेच गळ्याची शीर कापून रक्त सोडलं. थोड्या वेळानं दत्तूनं तिच्या बुबुळाला बोट लावलं. पापणी हलली नाही. श्वासही नव्हता.

"साहेब, गयी."

"शाबास, कदम."

त्या शाबासकीसाठी मी वर्षानुवर्षं झुरलो होतो. मिळाली, पण गोड लागली नाही. मावशी शेवटपर्यंत त्याच्याकडेच बघत होती. मी तिथं होतो हे तिला कळलंही नसेल.

पुढच्या पावसाळ्यात दत्तू खेचरांवर रेशन घेऊन वरच्या पोस्टला निघाला. दुपारी वायरलेस बोलला.

"दरड आली. ट्रॅक बंद. एक जवान मिसिंग. ओव्हर."

तो दुसऱ्या दिवशी सापडला, दरडीखाली गाडलेला. त्याला घेऊन युसूफ वडगावला मी आलो. त्याच्या आईनं एकच विचारलं.

"लेकराजवळ कोण व्हतं रं?"

"मी व्हतो, माय."

मी तेव्हा खाली कॅम्पात होतो.

आता पेन्शन घेऊन गावी आलोय. चौसाळ्याच्या आसपास कोणाच्या फार्मवर मोठं डुक्कर इलाजापलीकडं गेलं, तर जनावरांचे डॉक्टर मला सोबत नेतात. मी आधी दोरी काढायला लावतो. जो रोज चारतो त्याला गूळ देऊन समोर बसवतो, मग जांभळा ठिपका देतो. लोक म्हणतात, फौजीचा हात लई शांत हाय. मी सांगतो, ही रीत दत्तूची.

त्याच्यावर जळणं कधीच संपलं. आता जळतो तो मावशीवर. शेवटच्या घडीला तिच्यासमोर दत्तू होता. दत्तूसमोर कोणीच नव्हतं.