कुलूप काढलेला ग्रुप

"बनाबाईच्या ग्रुपात शिंकायचं म्हनलं तरी आदी अर्ज करावा लागतोय," असे शेजारणी म्हणत. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. आटपाडी आणि माण तालुक्यांच्या सीमेवरील वाड्यांमधल्या, शेळ्या पाळणाऱ्या तीनशे बाया तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपात होत्या. बोलण्याची मुभा मात्र तिला एकटीलाच होती. एका संस्थेने तिला पशुसखी नेमले होते. शेळ्यांना लस टोचणे, जंताचे औषध पाजणे हे तिचे काम. पूर्वी ग्रुप सर्वांना खुला असताना देवांच्या चित्रांत आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांत लसीकरणाची तारीख बुडाली आणि चार वाड्यांच्या शेळ्या लसीवाचून राहिल्या. त्या दिवशी तिने ग्रुपला कुलूप घातले. त्या शिस्तीचा तिला अभिमान होता.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती मिरजेला गेली. डोळ्यावर पट्टी, फोन पिशवीत बंद. त्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या मंगलने बाजारातून आणलेल्या शेळीचे नाक वाहू लागले, तोंडात फोड आले. रोग पसरणारा आहे, हे मंगलने ओळखले. कळप एकत्र चरायला सोडू नका, एवढेच तिला सर्वांना सांगायचे होते. पण फोनवर एकच ओळ दिसत राहिली: फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. बनाबाई परतेपर्यंत पाच वाड्यांत मिळून सत्तावीस शेळ्या दगावल्या होत्या.

मंगल थेट तिच्या दारात आली. "आवं बनाक्का, डोळा तुमचा बांदला हुता. आमचं त्वांड का बांदलं हुतं?"

त्याच दुपारी बनाबाईने ग्रुप खुला केला आणि प्रत्येक वाडीतल्या एकीला ॲडमिन केले, मंगललाही.

चित्रे परतली. शुभेच्छा परतल्या. एकीने शेळीच्या तोंडातल्या फोडांवर मिरची चोळायचा उपाय सांगितला. बनाबाईचा अंगठा तो संदेश पुसायला निघाला होता, तो तिने आवरला. तोवर ग्रुपात मंगलचा आवाजी संदेश आलाच: "आदी दादल्याच्या तोंडाला चोळ गं, मग शेळीच्या!" मग दोघी-तिघींनी योग्य औषध सांगितले. बनाबाईला काही सांगायचे उरले नाही. हे तिला सोपे गेले नाही.

पुढे कुणीतरी तिथेच बोलून गेले की या खेपेची लस बर्फाविना, कोमट आली होती. हे संस्थेपर्यंत पोहोचले आणि संस्थेचे तालुक्याचे अधिकारी धैर्यशील मोटारसायकलवरून बनाबाईच्या अंगणात उतरले.

"बनाबाई, ग्रुप पूर्वीसारखा बंद करा. संस्थेची बदनामी होते आहे. नाहीतर पशुसखीचं काम आम्हाला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

"आये, हो म्हन की," मुलगा धनाजी हळूच म्हणाला. "बारा वर्षांचं काम हाय तुजं. त्याच्यावरच तर गावात तुला मान हाय."

बनाबाई आत गेली आणि औषधांची पेटी घेऊन बाहेर आली. ती तिने साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"ही घ्या. लस कोमट हुती, ते मीबी हात लावून बगितलंय. ग्रुप बंद करायचा आसंल तर जावा मंगलकडं, सांगून बगा तिला. तिनं डोस्क्यात दगूड न्हाई घातला, तर मग माज्याकडं या."