व्ही-वन कमी का होतो

"धावपट्टी ओली आहे. व्ही-वन वाढेल की कमी होईल?" विमान कंपनीच्या मुलाखतीत कॅप्टनांनी विचारलं.

"कमी होईल, सर."

"का?"

परीक्षेत पर्याय 'ब' बरोबर होता, एवढंच मला माहीत होतं. कॅप्टनांनी शांतपणे माझी फाईल मिटली. दिल्लीहून परळीला घरी परतले. दातावर दात दाबून दाबून जबडा दुखायला लागला होता.

अंबाजोगाईत वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'चे क्लास घेणाऱ्या एका सरांनी पायलटच्या परीक्षेची बॅच काढली होती. मी परळीहून रोज बसने जायचे. सर फळ्यावर व्ही-वनसारखे उड्डाणाचे वेग लिहायचे आणि आम्ही ते उतरवून घ्यायचो. मी एकदा हात वर करून 'असं का?' विचारलं, तर म्हणाले, "कावून-बिवून इचारू नको. पेपरात चार पर्याय येतात. बरोबर कोणता, तेवढं ध्यानात ठेव." आणि मी तसंच केलं. सरांपेक्षा राग त्याचा जास्त होता. परीक्षा पास झाले, लहान विमानावर लायसन्सही मिळालं. एका इंजिनाच्या त्या विमानाला व्ही-वन नसतोच, त्यामुळे माझं अज्ञान झाकलं गेलं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तडक क्लासमध्ये गेले.

"सर, मला नाकारलं. तुम्ही शिकवलेलं मला समजलंच नव्हतं."

"पास झालतीस का न्हाई?"

"झाले."

"मग क्लासचं काम झालं. पुढचं तुझं नशीब."

पुढच्या बाकावरची पोरं हसली. माझी कानशिलं तापली. मी बाहेर पडले.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तिने आयुष्यात विमानात पाय ठेवलेला नाही. ती माझं पुस्तक घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "सांग."

"व्ही-वनपर्यंत काही बिघडलं तर थांबायचं. त्यानंतर थांबायचं नाही, उडायचंच."

"का?"

"त्याच्यापुढे ब्रेक लावले तर उरलेली धावपट्टी पुरत नाही."

"मग पाऊस पडल्यावर?"

"ब्रेक नीट धरत नाहीत. थांबायला जास्त जागा लागते. म्हणून..." मी अडखळले. "म्हणून निर्णय आधीच घ्यावा लागतो. कमी वेगाला."

"हां. पण तेवढ्या कमी वेगात एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या एकावर विमान वेग घेऊन उडेल का? तेवढी धावपट्टी हाय का?"

मी तिच्या हातातलं पुस्तक घेऊन आपटलं. "तुला काय करायचंय? तुला उडवायचंय का?"

"मला न्हाई. तुला उडवायचंय, मागं माणसं बसवून."

चार दिवस आमचं हेच चाललं. नाक उचलायचा वेग, मग एका इंजिनावर सुरक्षित चढण्याचा व्ही-टू, उतरतानाचा व्ही-रेफ. विमान जड असेल तर व्ही-रेफ वाढतो, हे मला पाठ होतं. आईने विचारलं, "मग नेहमीच जास्त वेगाने उतरावं. कमी वेगाचा धोका कशाला?" मी चिडून ओरडले, "जास्त वेगाने टेकलं तर धावपट्टी संपेल ना!" आणि ओरडता ओरडता लक्षात आलं, हे कुठे वाचलेलं नव्हतं. मला कळलं होतं. धावपट्टी पुरत नसेल तर वजन कमी करावं लागतं, हेही त्याच आठवड्यात मी आकडे मांडून शोधलं.

पुढच्या खेपेला दुसऱ्या एका कंपनीने मला घेतलं. जेटचं ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी काही कागद आणायला अंबाजोगाईला गेले, तर क्लासच्या गेटवर दहा फुटांचं फ्लेक्स. त्यावर मी फेसबुकवर टाकलेला माझा गणवेशातला फोटो. 'आमची विद्यार्थिनी, आमचा अभिमान.'

मी आत गेले. "सर, हे काढा."

"अगं, तुझंच नाव मोठं होतंय की!"

"कावून इचारू नको म्हणालता. मी इचारते. कावून लावलं हे?"

सर फळ्याकडे वळले. मी बाहेर पडले, तशी बॅचमधली एक मुलगी उठून मागे आली. मी समोरच्या दुकानातून कात्री मागून घेतली, गेटच्या पायरीवर चढले आणि चारही दोऱ्या कापल्या. फ्लेक्स धाडकन चिखलात पडलं.

"ताई," ती मुलगी हळूच म्हणाली, "व्ही-वन कमी का होतो?"

मी तिला तिथेच पायरीवर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.