आत येण्याआधी

डिसेंबर लागला की बंगळुरात रस्त्याच्या कडेला अवरेकाईच्या शेंगांचे ढीग पडतात, आणि त्यांचा हिरवा, तेलकट, किंचित उग्र दरवळ सकाळच्या धुक्यात असा मुरतो की यशवंतपूरच्या बाजारातून ऑटोनं जाताना डोळे मिटले तरी महिना कोणता ते कळावं. आमचे पुण्याकडचे पाहुणे ‘पावटाच तो’ म्हणून मोकळे होतात. म्हणोत बापडे! आमची मराठी घराणी या मातीत कित्येक पिढ्या रुजलेली आहेत. इथल्या शेंगेला काय म्हणायचं ते आम्हाला कुणी शिकवू नये. तर त्या शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे, आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून बाहेर काढायचा, असं हे निवांत, बोटं सुरकुतवणारं काम. गेल्या हिवाळ्यात शनिवारच्या दुपारी मी आणि एक बारा वर्षांची मुलगी तिच्या मावशीच्या स्वयंपाकघरात हेच करत बसायचो. कधी एखादा दाणा निसटून फळीवरच्या डब्यावर टणकन आपटे, आणि ती हसे. तेवढ्या हसण्यासाठी मी यशवंतपूरपर्यंत जात असे, असं म्हटलं तरी चालेल.

तिला मी इथे मीनू म्हणते. खरं नाव सांगू नये असा कायदा आहे, आणि नसता तरी मी सांगितलं नसतं. शाळेतली नोकरी संपल्यावर मी जे काम पत्करलं त्याला सहायक व्यक्ती असं रुक्ष सरकारी नाव आहे. ज्या मुलांवर घरात वा बाहेर अत्याचार झाला, त्यांच्या सोबतीला बालकल्याण समिती आमच्यासारख्यांना नेमते. पोलिसांत, दवाखान्यात, न्यायालयात आम्ही मुलाच्या शेजारी असतो. बस, शेजारी असतो. काय घडलं ते खोदून विचारायचं नाही, आणि काय सांगायचं ते तर मुळीच शिकवायचं नाही. मूल पढवलेलं आहे असा नुसता संशय आला तरी सगळं मुसळ केरात. म्हणून मी मुलांच्या हातांना काम देते. नजर खाली आणि बोटं गुंतलेली असली की मूल आपल्याला हवं तेव्हा, हवं तेवढं बोलतं, किंवा बोलत नाही. आणि न बोलण्याचीही त्याला लाज वाटत नाही.

मीनूचा आरोपी तिच्या घरातलाच होता: वडिलांचा थोरला भाऊ. आमच्या जुन्या घरांतून कानडी नाती मराठीत केव्हाच मिसळली, त्यामुळे त्याला सगळे दोड्डप्पा म्हणत. देवपूजा करणारा, मुलांचे अभ्यास घेणारा, गल्लीत ज्याच्या शब्दाला मान, असा. खिडकी नसलेल्या मधल्या खोलीत त्यानं या पोरीच्या बालपणाची जी माती केली, तिचा तपशील मी लिहिणार नाही. आई एकटी पोलिसांत गेली, तिनं मीनूला मावशीकडे ठेवलं, आणि त्या दिवसापासून सासरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ‘घरातलं घरात मिटवायचं’ हे वाक्य मी इतक्या सोज्ज्वळ तोंडांतून ऐकलं आहे की आता ते ऐकताच माझी कानशिलं तापतात. दोड्डप्पा जामिनावर सुटून होसकोट्याला लेकीकडे राहत होता. मीनूच्या घराची पायरी चढू नये, असा न्यायालयाचा हुकूम होता. पण वरच्या मजल्यावरची त्याची खोली रोज झाडली जात होती, अंथरुणावर धुतलेली चादर पडत होती. निकाल लागला की तो परतणार, असं घर धरून चाललं होतं. आणि त्या खोलीच्या खालीच मीनूची सहा वर्षांची बहीण झोपायची, कारण मावशीच्या एवढ्याशा घरात सगळ्या मावत नव्हत्या.

मीनूचे वडील, ती त्यांना अण्णा म्हणते, ना इकडचे ना तिकडचे. दर रविवारी मावशीकडे येत, मुलीसाठी केळी आणत, आणि भावाविषयी अक्षर न काढता परत जात.

“अक्का, मी नीट नाही सांगितलं तर ते परत येणार ना?” एका शनिवारी दाणे सोलता सोलता तिनं विचारलं. साठी ओलांडलेल्या बाईला अक्का म्हणणारी ती एकटीच, आणि ते मला आवडायचंही. पण मी नुसता पुढचा दाणा चिमटीत धरला. तो परत येऊ शकतो, हे खरं होतं. आणि ते तिला ठाऊक होतं.

साक्षीच्या दिवशी ऊन फार सुंदर पडलं होतं. अशा दिवशी ऊन सुंदर पडावं याचा मला संताप येतो. साक्षीच्या खोलीच्या भिंतींवर ससे आणि फुलपाखरं रंगवलेली, नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता, आणि त्या सशांसमोर एक पडदा होता. पडद्यापलीकडे आरोपी, त्यानं ऐकावं, पण मुलानं त्याला पाहू नये, अशी ही व्यवस्था. वकिलांचे प्रश्नही न्यायाधीशांच्याच तोंडून यायचे. त्या बाई कन्नडमध्ये, अगदी हलक्या आवाजात विचारत होत्या, आणि मीनू उत्तरं देत होती. थांबत, पाणी पीत, पण देत होती. मी तिच्या शेजारी बसून होते.

मग बचावाच्या वकिलांचा प्रश्न आला. मधल्या खोलीत अंधार असायचा असं तू म्हणतेस. मग येणारा माणूस तोच, हे तुला कसं कळायचं?

मीनूनं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी पडद्यापलीकडे कुणीतरी खाकरलं.

ते खाकरणं मी ओळखलं. माणूस नव्हे, रीत ओळखली. आमच्या घरांतून पुरुष आतल्या खोलीत शिरण्याआधी खाकरतात. बायकांनी सावरून बसावं, पदर नीट करावा, म्हणून. माझे वडील असेच खाकरत, आणि ही आमच्या घराण्याची सभ्यता आहे असं मी आयुष्यभर अभिमानानं सांगत आले. इथे मात्र शेजारच्या खुर्चीत मीनूनं दोन्ही पाय वर ओढून घेतले, कुडत्याची कड गुडघ्यांखाली घट्ट खोचली, आणि ती दाराकडे पाहू लागली. तिला दिसू नये म्हणून आम्ही पडदा लावला होता. आवाजाचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तो मुद्दाम खाकरला की निव्वळ सवयीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. न्यायाधीशांना त्यात काही वावगं वाटलं नसावं. घसा कुणाचाही खवखवतो. मी हात वर करून, मुलीला थोडी विश्रांती हवी, एवढंच म्हणाले. तेवढाच माझा अधिकार होता.

बाजूच्या खोलीत ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. नंतर म्हणाली, “घरी असंच करायचे. आई म्हणायची, बघ, किती चांगली रीत आहे.” मग तिनं विचारलं, “हे मॅडमना सांगितलं तर चालेल?”

“तुला जे सांगावंसं वाटेल ते तू सांगू शकतेस,” मी म्हणाले. जिभेवर एवढं एकच वाक्य ठेवण्याची मुभा होती.

परत आत जाऊन ती कन्नडमध्ये म्हणाली, “आता ते खाकरले ना, तसेच ते आमच्या घरी आत येण्याआधी खाकरायचे. त्या आवाजावरून मला कळायचं. दर वेळी कळायचं.” न्यायाधीशांनी ते वाक्य टंकलेखकाला सावकाश सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात अण्णा आले होते, कुणी न बोलावता. मीनू पाठमोरी होती. तिच्यामागे उभे राहून, काय बोलावं ते न सुचून, ते खाकरले. ती किंचाळली नाही. फक्त माझ्या साडीचा पदर तिनं मुठीत गच्च धरला आणि माझ्या आड झाली. मग वडिलांकडे न बघताच म्हणाली, “अण्णा, खाकरू नका.”

त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं गोंधळलेपण होतं. आत काय झालं ते मला त्यांना सांगता येत नव्हतं, आणि सांगायची गरजही उरली नाही. ते हळूहळू त्यांचं त्यांनाच उमगत गेलं. इतकी वर्षं मधल्या खोलीच्या दाराशी भावाचं खाकरणं त्यांनीही ऐकलंच होतं की! ते बाकावर बसले. त्यांनी मला विचारलं, “मग आम्ही घरात यायचं तरी कसं, बाई?”

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. “विचारून,” मी म्हणाले.

खटला अजून चालू आहे. वरच्या खोलीला कुलूप लागलं आहे, ते अण्णांनी लावलं. आईशी, म्हणजे मीनूच्या आजीशी, त्यावरून त्यांचं बोलणं बंद झालं आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, आणि लागेल त्यानं या मुलीच्या झोपेत किती फरक पडेल, तेही माहीत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी मावशीकडे होते तेव्हा अण्णा आले. दार सताड उघडं होतं. ते उंबऱ्याबाहेरच थांबले आणि म्हणाले, “मीनू, मी अण्णा. येऊ का आत?”

आणि मला एकदम जाणवलं की खाकरणं म्हणजे कळवणं, विचारणं नव्हे. ज्याचा मला अभिमान होता त्या आमच्या घरांतून पिढ्यान्पिढ्या पुरुष कळवून आत आले. येऊ का, असं कुणी कुणाला विचारलेलं मी ऐकलेलं नाही. आतल्या बाईनं ‘नको’ म्हणावं एवढी जागा त्या रीतीत नव्हतीच.

आतून उत्तर आलं नाही. अण्णा हातात केळी घेऊन उभे होते, ऊन त्यांच्या डोक्यावर आलं होतं, आणि समोरच्या घरातली बाई कुतूहलानं पाहत होती. ‘अगं, वडील केव्हाचे उभे आहेत, ये म्हण त्यांना’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. मीनू दिसत होती. ती दाराकडे पाहत होती, विचार करत होती. अण्णांनी केळी पायरीवर ठेवली आणि ते बाहेरच बसले.